पहिल्या श्वासानंतरचे सहा तास

जन्मतः न रडलेले मूल थोड्या खटपटीनंतर एकदाचे रडते, त्याची निळसर पांढरी पडलेली कांती गुलाबी होऊ लागते, व्हरांड्यात ताटकळत बसलेल्या आजीकडे ‘रडलं हो बाळ’ असा निरोप जातो आणि गंडांतर टळले या समजुतीने सारे घर सुटकेचा निःश्वास टाकते; परंतु कित्येकदा त्याच दिवशी संध्याकाळी त्या मुलाचे ओठ काही चोखत असल्यासारखे आपोआप हलू लागतात, पाय सायकल चालविल्यासारखे फिरू लागतात, नजर एका बाजूला थिजते, आणि मग ध्यानात येते की ज्या मेंदूला प्राणवायू परत मिळून कित्येक तास लोटले आहेत त्याच मेंदूतील पेशी आता मरू लागल्या आहेत. प्राणवायूच्या अभावाने पेशी मरतात हे कोणास सांगावे लागत नाही. पण प्राणवायू परत आल्यानंतर त्या का मराव्यात, आणि तसे असेल तर इलाज कोणता व कोणत्या वेळी करावा, हा प्रश्न वैद्यकाला दीर्घकाळ छळीत आला आहे.

या प्रश्नावर माझ्या परिचयातील दोन व्यक्तींमध्ये झालेला वाद मी येथे मांडीत आहे. त्यांतील एक म्हणजे शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेले वृद्ध प्राध्यापक, आणि दुसरी त्यांची पुतणी, जिल्हा रुग्णालयाच्या नवजात-शिशु कक्षात काम करणारी डॉक्टर. काकांची श्रद्धा अशी की पेशीचे अंतरंग कळल्यावाचून केलेला उपचार हा निव्वळ अंदाज होय. पुतणीचा अनुभव असा की मूल वाचते ते पहिल्या मिनिटात शिकलेल्या हातांनी केलेल्या एका साध्या क्रियेने, आणि उपपत्तींच्या भरवशावर वैद्यकाने मुलांचे भले केले तसे अहितही केले आहे. दोघांची तळमळ सारखीच खरी असल्याने मी फारसा मध्ये पडलो नाही.

काका : ‘प्राणवायू कमी पडला’ असे आपण एका दमात म्हणून मोकळे होतो, पण केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० साली दाखवून दिले की या एका नावाखाली निरनिराळी संकटे नांदतात. कधी फुप्फुसातून रक्तात प्राणवायूच पुरेसा उतरत नाही. कधी उतरतो, पण तो वाहून नेणारे हिमोग्लोबिन अपुरे असते. कधी दोन्ही ठीक असून रक्ताचा प्रवाहच मंदावतो. आणि पुढे यांत चौथ्या प्रकाराची भर पडली ती अशी की पेशीच्या दारी प्राणवायू हजर असूनही सायनाइडसारख्या विषामुळे तिला तो वापरता येत नाही. प्रसूतीच्या वेळी गुदमरणाऱ्या मुलावर यांतील पहिले आणि तिसरे संकट पाठोपाठ कोसळते. वारेकडून येणारा प्राणवायू तुटतो, थोड्याच वेळात हृदय मंदावते, आणि मग मेंदूला प्राणवायूबरोबर ग्लुकोजही मिळेनासे होते. शिवाय साचत चाललेले आम्ल वाहून नेण्यासही रक्त उरत नाही.

डॉक्टर : वर्गीकरण मला मान्य आहे, काका. पण निपचित मूल माझ्यापुढे ठेवले जाते तेव्हा त्याचे संकट पहिले की तिसरे हे ठरविण्यास मला सवड नसते.

काका : सवड नसते म्हणूनच ते आधी ठाऊक असावे लागते. मेंदूतील पेशीचा विचार कर. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जितका प्राणवायू वापरते त्यातील सुमारे २० टक्के हा एकटा खातो, आणि शिल्लक म्हणून जवळजवळ काहीच ठेवीत नाही. रक्तप्रवाह पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते ती त्यामुळे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूच्या साहाय्याने पेशीला एटीपीचे, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे ३० रेणू मिळतात. प्राणवायूवाचून अवघे २ मिळतात आणि वर लॅक्टिक आम्ल साचते. आता हे एटीपी खर्च कशावर होते? त्याचा मोठा हिस्सा सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत घेणाऱ्या पंपावर जातो. पंप थांबला की सोडियम आत शिरते, त्यामागून पाणी शिरते, पेशी फुगते. पेशीपटलावरील विद्युत्-दाब ढासळतो आणि चेतापेशींच्या टोकांतून ग्लुटामेट भसाभस बाहेर पडते. एरवी एका पेशीचा निरोप दुसरीला पोचविणारे हे द्रव्य अशा वेळी मारक ठरते, कारण ते शेजारच्या पेशींची कॅल्शियमची द्वारे सताड उघडते. पेशीच्या आत जितके कॅल्शियम मुक्त असते त्याच्या सुमारे दहा हजार पट बाहेर असते, आणि ही तफावत टिकविण्यातच पेशीचे जीवित असते. कॅल्शियम आत घुसले की प्रथिने तोडणारी, पटलातील स्निग्ध द्रव्ये कुरतडणारी आणि केंद्रकातील सूत्रे चिरणारी विकरे जागी होतात. प्राणवायूच्या अभावाने पेशी नुसती थांबत नाही; तिच्यातील यंत्रसामग्रीच मोडू लागते.

डॉक्टर : तुम्ही हे सांगेपर्यंत माझे पहिले मिनिट संपले. ऑक्सफर्डच्या जेफ्री डॉज यांनी माकडांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून माझ्या कामाचे ज्ञान मला मिळते, आणि तेवढे मला पुरते. गुदमरणारे पिलू आधी धडपडून श्वास घेते, मग त्याचा श्वास थांबतो. हा पहिला विराम. या अवस्थेत त्याला पुसले, पाठ चोळली तर ते पुन्हा श्वास घेते. तसे कोणी केले नाही तर काही काळ आचके येतात आणि मग दुसरा विराम येतो, त्यातून ते चोळण्या-हलविण्याने परत येत नाही. त्याच्या फुप्फुसांत हवा घालावीच लागते. मूल पहिल्या विरामात आहे की दुसऱ्या हे जन्मल्याबरोबर पाहून कळत नाही, म्हणून नियम असा की कोरडे करा, चोळा, आणि श्वास आला नाही तर मिनिटाच्या आत पिशवी-मास्क लावा. शंभरातील सुमारे ८५ मुले आपोआप श्वास घेतात. आणखी १० जणांना पुसणे-चोळणे पुरते. उरलेल्यांपैकी बहुतेक केवळ पिशवीने येतात, आणि छातीवर दाब देण्याची वा औषधाची पाळी हजारात एखाद्याच मुलावर येते. फुप्फुसांत हवा गेली की हृदयाचे ठोके वाढतात, आणि ठोके वाढले की तुमचे सोडियम-पोटॅशियम आपले काम आपण पाहून घेतात.

काका : आणि ही पिशवी कोणी शोधली?

डॉक्टर : डेन्मार्कमध्ये रूबेन आणि हेसे यांनी, १९५० च्या दशकात, दाबल्यावर आपोआप फुगणारी, विजेवाचून चालणारी. आमच्याकडे तिला आजही सगळे अंबू बॅगच म्हणतात. पण शोध कोणाचा यापेक्षा ती कोणाच्या हाती आली हे मला महत्त्वाचे वाटते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, तेव्हा तेथील बहुतेक बाळंतपणे घरीच होत. न रडणाऱ्या मुलाला श्वास देण्याचा प्रयत्न तेथे आधी तोंडाने फुंकून झाला, मग नळी व मास्कने, आणि अखेर पिशवी-मास्कने. त्यांनी ३९ गावांत चालविलेल्या कामाचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि त्यात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ही सगळी घट श्वास देण्याने झाली असे मी म्हणणार नाही. जंतुसंसर्गावरील औषधांचा वाटा त्यात मोठा होता. पण ज्या बाईने पेशीत ऊर्जा बनविणाऱ्या तंतुकणिका हा शब्दही ऐकला नव्हता तिने पिशवी दाबून मूल रडविले, हे मी विसरू शकत नाही.

काका : मीही विसरत नाही. परंतु त्या पिशवीत कोणता वायू भरावा हे कोणी ठरविले? पन्नासएक वर्षे सगळ्या जगाने शुद्ध प्राणवायू भरला, कारण प्राणवायू कमी पडला तर प्राणवायू द्यावा, यात कोणास शंका यावी? ओस्लोच्या ओला डिड्रिक सॉगस्टाड यांना ती आली, आणि ती रसायनशास्त्रातून आली. पेशी गुदमरत असताना एटीपी मोडत मोडत त्याचा हायपोझँथिन नावाचा अवशेष साचतो, हे त्यांनी १९७५ च्या सुमारास गुदमरलेल्या मुलांच्या रक्तात मोजले; आणि मग त्यांच्या लक्षात आले की या साचलेल्या द्रव्यावर एकाएकी भरपूर प्राणवायू आला तर विकराच्या क्रियेने त्यातून मुक्त मूलके, म्हणजे पेशीपटले जाळणारे अस्थिर रेणू, मोठ्या संख्येने तयार होणार. गुदमरण्याने जी इजा झाली तिच्यावर सुटकेची इजा चढणार. साध्या हवेने श्वास द्यावा हा विचार असा जन्मला. तुझ्या खोलीतील आजची रीत प्रयोगशाळेतून आली आहे, पोरी.

डॉक्टर : विचार प्रयोगशाळेतून आला हे खरे, पण रीत आली ती दिल्लीतून. मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सिद्धार्थ रामजी यांनी सॉगस्टाड यांच्यासह मुलांवर प्रत्यक्ष तुलना केली, काहींना हवा आणि काहींना शुद्ध प्राणवायू देऊन, आणि १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली; पुढे १९९८ मध्ये अनेक देशांतील सहाशेहून अधिक मुलांवर तसाच प्रयोग झाला. हवेने मुलांचे काही बिघडत नाही, उलट ती लवकर रडतात, आणि पुढच्या प्रयोगांची बेरीज केली तर मृत्यूही कमी होतात, असे दिसल्यावर २०१० साली आंतरराष्ट्रीय नियम बदलले. उपपत्ती १९८० सालीच तयार होती. तिच्या बळावर कोणी नियम बदलला नाही, आणि बदलला असता तर मी त्यास विरोध केला असता.

काका : का? उपपत्ती बरोबर होती.

डॉक्टर : कारण ‘अधिक प्राणवायू द्या’ हीही एक उपपत्तीच होती, आणि तिच्यामुळे अपुऱ्या दिवसांची मुले आंधळी झाली.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण ही कथा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सविस्तर सांगितली जावी असे माझे ठाम मत आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरा पडदा वाढून त्यांची दृष्टी जाते, असे बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये प्रथम नोंदविले. ही मुले काचेच्या पेटीत, सढळ हाताने प्राणवायू सोडून, जिवापाड सांभाळलेली होती. जेथे रुग्णालये संपन्न आणि शुश्रूषा उत्तम तेथेच अंधत्व अधिक, हे कोडे दहाएक वर्षे सुटले नाही. मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये प्राणवायूकडे बोट दाखविले, अमेरिकेत १९५३-५४ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून प्रयोग केला आणि संशय खरा ठरला. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. ज्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी प्राणवायू सोडला त्यांची करुणा निर्मळ होती, आणि प्राणवायू कमी पडतो म्हणून तो द्यावा हे त्यांचे अनुमान वरवर पाहता निर्दोष होते. पुढे घडले ते याहून शोचनीय. भयभीत झालेल्या वैद्यकाने प्राणवायूवर कडक मर्यादा घातली, आणि मग अंधत्वाऐवजी मृत्यू वाढला. १९७३ साली केनेथ क्रॉस यांनी केलेल्या अंदाजानुसार एका मुलाची दृष्टी वाचविताना सुमारे सोळा मुलांचे प्राण गेले. हा काटा नेमका कोठे असावा याचा निकाल एकविसाव्या शतकातही पुरता लागलेला नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८५ ते ८९ टक्क्यांवर ठेवले तर डोळे अधिक वाचतात पण मुले अधिक दगावतात, ९१ ते ९५ वर ठेवले तर उलट, असे मोठ्या प्रयोगांतून आढळल्यावर जगाने जीव आधी मानून वरची मर्यादा स्वीकारली आहे.

काका : ही कथा माझ्या बाजूची आहे असे मी समजत आलो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्या अजून वाढत असतात, ती वाढ प्राणवायूच्या कमतरतेच्या संकेतावर चालते, आणि प्राणवायू ओतला की वाढ थांबते व नंतर वेडीवाकडी उसळते. हे आधी कळले असते तर दहा हजार मुले पाहू शकली असती. पेशी प्राणवायूची कमतरता कशी ओळखते हे दाखविल्याबद्दल सेमेंझा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

डॉक्टर : आणि माझ्या मते ती कथा अशी की कळले नव्हते तरी तपासून पाहता आले असते, आणि तपासले असते तर तीन वर्षांत निकाल लागला असता.

काका : बरे, डोळे सोडू. ज्या मुलापासून आपण आरंभ केला त्याच्याकडे येऊ. सकाळी रडले, संध्याकाळी झटके आले. का?

डॉक्टर : तुम्ही सांगा. हा प्रश्न मला रोज पडतो.

काका : लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात चुंबकीय यंत्रात ठेवून अशा मुलांच्या मेंदूतील फॉस्फरसयुक्त द्रव्ये, म्हणजे ऊर्जेचा साठा, मोजला. पहिल्या दिवशी मोजावा तो बहुधा पुरेसा. नंतरच्या दिवसांत मोजावा तो घसरत चाललेला, आणि तोही रक्तदाब, रक्तातील प्राणवायू, साखर सर्व ठीक असताना. म्हणजे ऊर्जा दोनदा कोसळते. पहिल्यांदा गुदमरताना, मग श्वास परत आल्यावर साठा भरून येतो, आणि काही तासांनी पुन्हा, या वेळी बाहेरून काही कमी पडलेले नसताना. मधल्या काळात पेशी बरी दिसते, पण तिच्या तंतुकणिकांनी पहिल्या प्रहारात भरमसाट कॅल्शियम गिळलेले असते, त्यांचे पटल भोके पडून निकामी होऊ लागते, त्यातून सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन गळते, आणि ते गळले की पेशी स्वतःच स्वतःचा शेवट करण्याची ठरलेली प्रक्रिया सुरू करते. शिवाय भोवतालच्या रक्षक पेशी चवताळून दाह माजवितात तो वेगळाच.

डॉक्टर : माझे आजोळ सांगलीकडचे आहे. महापुरात मातीच्या भिंती पाण्यात तीन-तीन दिवस उभ्या राहतात आणि पाणी उतरून ऊन पडले की एकेक कोसळू लागतात, हे मी पाहिले आहे. पूर ओसरला म्हणून घरात जाऊ नका, असे तिकडे जाणती माणसे ओरडून सांगतात. तुम्ही म्हणता ते मला पटते.

काका : मग पुढचेही पटवून घे. पहिल्या कोसळण्यावर आपला ताबा नसतो, पण दुसऱ्यापूर्वी मुदत मिळते. ऑकलंडचे अलिस्टर गन आणि पीटर ग्लुकमन यांनी मेंढीच्या गर्भावर ती मोजली. मेंदू या मुदतीत थंड केला तर वाचतो. सुमारे सहा तास उलटून झटके सुरू झाले की थंड करण्याचा उपयोग घटत जातो. तापमान एका अंशाने उतरले की पेशीची ऊर्जेची मागणी पाच-सात टक्क्यांनी उतरते, ग्लुटामेटचा स्राव घटतो, मुक्त मूलके घटतात, स्वविनाशाची प्रक्रिया मंदावते. एकेका कडीवर मारा करणारी औषधे अपुरी पडतात, पण थंडावा सगळ्याच कड्या सैल करतो. २००५ सालापासून मोठे प्रयोग झाले. त्यांतील एकाचे नेतृत्व डेट्रॉइटच्या सीता शंकरन यांनी केले. मुलाला जन्मापासून सहा तासांच्या आत ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास तेथे ठेवायचे आणि मग ताशी अर्ध्या अंशाने, घाई न करता, उबेत आणायचे. २०१३ पर्यंतच्या ११ प्रयोगांतील १,५०५ मुलांचा एकत्रित हिशेब असा की सात मुलांना थंडावा दिला तर एक मूल मृत्यूपासून किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचते. यंत्रणा समजली, मुदत समजली, इलाज सापडला. याहून सरळ वाट कोणती?

डॉक्टर : वाट तितकी सरळ नव्हती, काका. १९५० च्या दशकातच स्वीडनमध्ये वेस्टिन यांनी न रडणाऱ्या मुलांना गार पाण्यात बुडवून पाहिले होते, आणि त्यांतील पुष्कळ वाचली. पण १९५८ मध्ये सिल्व्हरमन यांनी दाखविले की अपुऱ्या दिवसांची मुले दोनएक अंश अधिक उबेच्या पेटीत अधिक जगतात, आणि मग ‘थंडी मुलाला मारते’ या एका वाक्याने सगळे प्रकरण दप्तरी दाखल झाले, ते पुढची तीनचार दशके कोणी उघडले नाही. दोन्ही निष्कर्ष खरे होते. मुले निराळी होती. आता मुख्य गोष्ट ऐका. इंग्लंड-अमेरिकेतील हा थंडावा भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ मुलांवर तपासला गेला, २०१५ ते २०१९ या काळात. सुधीन थय्यिल त्याचे प्रमुख होते. सहा तासांच्या आत आरंभ, ७२ तास, तापमान यंत्राने राखलेले. तुमच्या अटींत काही कमी नव्हते. २०२१ मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा अपंगत्व यांची बेरीज दोन्ही गटांत जवळजवळ सारखी, निम्म्याच्या आसपास. आणि नुसता मृत्यू पाहिला तर न थंड केलेल्यांत ३१ टक्के आणि थंड केलेल्यांत ४२.

काकांना हा आकडा अर्थातच ठाऊक होता. तरी तो पुतणीच्या तोंडून ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

काका : मग विचार असा करू की तेथील मुदत आपल्याकडे लागूच पडत नसेल. मेंढीच्या गर्भात इजेची घटका प्रयोगकर्त्याने ठरविलेली असते. नाळ दाबली, सोडली, घड्याळ सुरू झाले. तुझ्याकडे येणाऱ्या मुलाचे घड्याळ केव्हा सुरू झाले? जन्माच्या वेळी, हे आपण गृहीत धरतो. इजा जर जन्मापूर्वी कित्येक तास थोडी थोडी होत आली असेल, आईला रक्तक्षय असेल, मूल पोटातच खुरटले असेल, बारीक संसर्ग असेल, तर जन्मते वेळी त्याची मुदत संपलेलीच असेल. हा वाद जुना आहे. विल्यम लिटल यांनी १८६१ साली लंडनमध्ये सांगितले की अवघड बाळंतपणात गुदमरल्याने मुलांचे हातपाय पुढे ताठरतात. आणि १८९७ मध्ये फ्रॉइड यांनी, मनोविश्लेषणाकडे वळण्यापूर्वी ते मज्जाविकारांचे वैद्य होते, असा प्रश्न टाकला की कदाचित मूल गर्भातच बिघडलेले असते आणि त्यामुळे बाळंतपण अवघड होते. दोघांचे थोडेथोडे खरे असावे. म्हणून मी म्हणतो, आपल्या मुलांतील इजा आपण समजून घेतलेली नाही. ती समजेपर्यंत उसना इलाज चालणार नाही.

डॉक्टर : उसना इलाज चालणार नाही, एवढ्यावर आपले एकमत. पण समजून घेण्याच्या नावाने किती थांबायचे? झेनॉन वायू उपपत्तीने उत्तम होता, प्रयोगात फळला नाही. एरिथ्रोपोएटिन पेशींना वाचविते अशी केवढी आशा होती. अमेरिकेत पाचशे मुलांवर थंडाव्याच्या जोडीने दिले, २०२२ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. आणि इकडे इजा होते कोठे? कळा लवकर याव्यात म्हणून एखाद्या लहान दवाखान्यात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन मोजमापाविना दिले जाते. दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल पडते त्या उसंतीतच वारेकडे रक्त जाते आणि मूल प्राणवायू घेते. कळा एकीवर एक येऊ लागल्या की ती उसंत नाहीशी होते, आणि मूल आईच्या पोटात गुदमरू लागते. ते निळे पडून माझ्याकडे येते तेव्हा गाडीतून तालुक्यापासून दीड-दोन तास आलेले असते. कधी अंग थंडगार, कधी दुपट्यांच्या थरांनी तापलेले. आणि ताप हा तर इजा झालेल्या मेंदूचा वैरी. तापमान एका अंशाने चढले तरी परिणाम बिघडतो.

काका : मग तू काय करतेस?

डॉक्टर : जे निश्चित ठाऊक आहे तेवढे. अंग साडेछत्तीस ते साडेसदतीसच्या मध्ये राखते. साखर तपासते, कारण उपाशी मेंदूला दुसरा मार कमी साखरेचा बसतो. झटके आले तर फिनोबार्बिटोन देते. श्वासाचे यंत्र लावावे लागले तर ते फार जोराने चालू देत नाही, कारण रक्तातील कार्बन डायऑक्साइड फार उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. आणि प्राणवायू हवा तितकाच, बोटाला लावलेल्या यंत्राकडे पाहत. निरोगी मुलाचेसुद्धा प्रमाण पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्केच असते आणि नव्वदीला पोचायला आठ-दहा मिनिटे लागतात, हे नव्या डॉक्टरांना पुनःपुन्हा सांगावे लागते. नाहीतर घाबरून ते नळ पूर्ण उघडतात.

काका : यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी प्रयोगशाळेने सांगितलेली आहे.

डॉक्टर : आणि प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी नर्सला रात्री तीन वाजता करावी लागते. मला पैसा मिळाला तर मी तो लेबर रूममध्ये घालीन. कळा सुरू असताना दर अर्ध्या तासाने आणि शेवटच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे, कागदावर लिहायचे, ठोके घसरले तर तत्काळ शस्त्रक्रियेची तयारी करायची. एवढे झाले तर यांतील पुष्कळ मुले माझ्यापर्यंत येणारच नाहीत.

काका : तो कागद मला हवा आहे! इजेचे घड्याळ केव्हा सुरू झाले, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच असणार. ठोके प्रथम कधी घसरले, कळा किती दाट होत्या, इंजेक्शन किती वाजता दिले. आणि त्याच्या जोडीला जन्मल्याबरोबर नाळेतील रक्ताची आम्लता.

डॉक्टर : तो कागद पुष्कळदा बाळंतपण उरकल्यावर, एका बैठकीत, ठरावीक आकड्यांनी भरला जातो. त्यात दोष लिहिणाऱ्या सिस्टरचा नाही. चारचार बायका एकदम कळा देत असतात आणि ती एकटी असते. आणि आम्लता मोजण्याचे यंत्र असले तरी त्याची काडतुसे महिना-महिना येत नाहीत.

काका : तर मग आधी सिस्टरच्या जागांसाठी अर्ज कर, मग काडतुसांसाठी. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. कोणत्या नोंदी, कोणत्या वेळी, कोणी करायच्या, याचा तपशील मला करता येईल. अशा हजारेक मुलांच्या नोंदी प्रामाणिकपणे झाल्या तर कोणत्या मुलाला थंडावा उपकारक आणि कोणाला अपायकारक, हे वेगळे काढता येईल.

डॉक्टर : आणि तोपर्यंत? वेल्लोरच्या डॉक्टरांनी ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाची स्वस्त गादी वापरात आणली आहे. तशी गादी घ्यावी असा आग्रह आमच्याकडेही सुरू आहे.

काका : तोपर्यंत ज्या मुलाच्या इजेची वेळ नक्की ठाऊक आहे, समजा नाळ एकाएकी बाहेर आली किंवा वार अचानक सुटली, जे पूर्ण दिवसांचे आहे, संसर्ग नाही, आणि श्वासाचे यंत्र व अहोरात्र देखरेख हाताशी आहे, त्याला मी थंडावा देईन.

डॉक्टर : मी देणार नाही. तुम्ही सांगितलेले मूल तर्काने योग्य आहे, पण त्या ४०८ मुलांची निवडही तर्कानेच झाली होती आणि त्यांना मिळालेली देखरेख माझ्या कक्षापेक्षा चांगली होती. पुन्हा चिठ्ठ्या टाकून, दोन गट करून, अशाच मुलांवर प्रयोग होणार असेल तर माझी मुले मी त्यात घालीन, आणि त्यांच्या आईबापांना दोन्ही बाजू समजावून सांगेन. तसा प्रयोग नसेल तर गादी कपाटात राहील, आणि मी अंग साडेछत्तीसच्या खाली जाऊ देणार नाही.